स्कूटरचा हेडलाइट लागत नाही? बल्बपासून मॅग्नेट कॉइलपर्यंत दोष शोधायची रीत

स्कूटरचा हेडलाइट गेला की आपण आधी बल्ब बदलतो. त्याने काम झालं नाही की गॅरेजवाला रेग्युलेटर बदलायला सांगतो, मग बॅटरीवर संशय येतो आणि शेवटी ‘मॅग्नेट कॉइल गेली’ हा निकाल लागतो. एवढे पार्ट बदलूनही कधी कधी दिवा महिनाभराने पुन्हा दगा देतो, कारण मूळ दोष एखाद्या कपलरच्या (वायरी एकमेकींना जोडणाऱ्या प्लॅस्टिकच्या प्लगच्या) काळ्या पडलेल्या पिनमध्ये तसाच असतो. माझं ठाम मत आहे की हेडलाइटच्या तक्रारीत पार्टपेक्षा जोड जास्त वेळा गुन्हेगार निघतो. जोड तपासायला पैसे लागत नाहीत, थोडा धीर आणि एक ठरावीक क्रम लागतो. तो क्रम इथे देतो आहे.

हे सगळं अ‍ॅक्टिव्हा, डिओ, अ‍ॅक्सेस, ज्युपिटर यांसारख्या बिनगिअरच्या, हॅलोजन बल्ब असलेल्या १२ व्होल्टच्या स्कूटरना धरून लिहिलं आहे. एलईडीवाल्यांसाठी शेवटी थोडं आहे.

हाताशी काय हवं

साधा डिजिटल मल्टिमीटर पुरे. पिवळ्या रंगाचं जे स्वस्त मीटर सगळीकडे मिळतं, त्यात एसी व्होल्टच्या फक्त दोन रेंज असतात, २०० आणि ७५०. आपल्याला २०० ची लागेल. डीसीसाठी २० ची रेंज लावायची. एसीच्या रेंजवर हेच मीटर चुकून बॅटरीला लावलं तर कधी शून्य दाखवतं, कधी खऱ्या आकड्याच्या दुप्पट. मीटर बिघडलं नाही, रेंज चुकली एवढंच.

दुसरी वस्तू घरीच बनवा, ती म्हणजे टेस्ट लॅम्प. इंडिकेटरचा १२ व्होल्ट १० वॅटचा बल्ब, त्याचा होल्डर, दोन हातभर वायरी आणि त्यांच्या टोकांना मगरी क्लिप. या कामात मी मीटरपेक्षा टेस्ट लॅम्पवर जास्त विश्वास ठेवतो. का, ते पुढे येईलच. शिवाय स्टार स्क्रू-ड्रायव्हर, १० नंबरचा पाना, बारीक पॉलिश पेपर, चांगली इन्सुलेशन टेप आणि दीड मीटर सुटी वायर.

इंजिन चालू ठेवून मोजायचं असेल तेव्हा स्कूटर मोकळ्या हवेत, मेन स्टँडवर उभी करा. बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवणं जिवावर बेतू शकतं. मागचं चाक फिरत असतं, सायलेन्सर तापलेला असतो. लहान मुलं आणि ओढणी-पदर दूर ठेवा.

पहिलं काम: अजून काय काय बंद आहे ते बघा

स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याआधी इंजिन चालू करा आणि एकेक दिवा बघत जा. अप्पर लागतो का, डिपर लागतो का, स्पीडोमीटरमधला दिवा, मागचा लाल दिवा, ब्रेक लाइट, इंडिकेटर, हॉर्न. एवढ्यावर अर्धं निदान होतं.

फक्त डिपर गेला आणि अप्पर लागतो, तर बल्बचं एक फिलामेंट उडालंय किंवा डिपर स्विचची एक बाजू खराब आहे. मागे कॉइलपर्यंत जायचं कारणच नाही, कारण दोघांना वीज एकाच वाटेने येते. अप्पर आणि डिपर दोन्ही गेले पण मागचा दिवा लागतो, तर दोष हेडलाइटच्या आसपास आहे: बल्ब, होल्डर, अर्थ (वीज परत जायची वायर), स्विच. हेडलाइट, टेल लाइट आणि मीटरचा दिवा तिन्ही एकदम गेले पण हॉर्न आणि इंडिकेटर ठणठणीत, तर सगळ्यांची मिळून जी एक वाट आहे, तिथे तुटलंय. हॉर्नसकट सगळंच गेलं, तर फ्यूज, बॅटरीचे टर्मिनल आणि चावीचा स्विच.

हे कागदावर लिहून ठेवा. गॅरेजमध्ये जावं लागलं तरी ‘लाइट लागत नाही’ म्हणण्यापेक्षा ‘डिपर जातो, अप्पर राहतो, टेल लाइट चालू आहे’ असं सांगणाऱ्या गिऱ्हाईकाला नको ते पार्ट लावले जात नाहीत.

दिवा एसीवर आहे की बॅटरीवर?

नवशिका इथेच सगळ्यात जास्त चकतो. जुन्या बहुतेक स्कूटरमध्ये हेडलाइटचा बॅटरीशी संबंधच नसतो. इंजिनाबरोबर फिरणाऱ्या मॅग्नेटच्या आत कॉइल असते, तिच्या एका भागातून दिव्यांसाठी थेट एसी वीज निघते आणि दुसऱ्या भागातून बॅटरी चार्ज होते. दोन्हींवर लक्ष ठेवायला एकच डबी, रेग्युलेटर-रेक्टिफायर. गॅरेजच्या भाषेत आरआर युनिट.

ओळखायचं सोपं आहे. चावी चालू, इंजिन बंद, लाइटचा स्विच चालू. दिवा लागला तर तो बॅटरीवर आहे. लागला नाही, इंजिन सुरू केल्यावर लागला, आयडलिंगला मंद आणि रेस दिल्यावर लख्ख होत गेला, तर तो एसीवर आहे. १ एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींना इंजिन सुरू असताना हेडलाइट आपोआप लागलेला असणं सक्तीचं झालं आणि लाइट बंद करायचं बटण गेलं. अशा गाडीत दिवा इंजिन सुरू झाल्यावरच लागतो, तेव्हा पहिल्या खुणेवर भरवसा ठेवू नका. रेस दिल्यावर उजेड ठळक वाढतो का, त्यावर ठरवा.

एसीवाल्या गाडीत हेडलाइट मंद आहे म्हणून कुणी नवी बॅटरी घ्यायला सांगत असेल तर घेऊ नका. आणि आयडलिंगला उजेड थोडा फडफडतो, हा दोष नाही, त्या रचनेचा स्वभावच तो आहे.

बल्ब

अ‍ॅक्टिव्हासारख्या गाडीत हेडलाइट हँडलवर असतो, डिओसारख्या गाडीत पुढच्या पॅनलवर. कव्हर काढताना स्क्रू किती आणि कुठले होते याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. प्लॅस्टिकच्या खाचा जोर लावला की तुटतात. अडतंय असं वाटलं तर एखादा स्क्रू राहिला आहे.

मागचं रबरी बूट सरकवा, कपलर ओढा, स्प्रिंग क्लिप सोडवा, बल्ब बाहेर. काचेला बोट लावू नका. हॅलोजन बल्ब इतका तापतो की बोटाचं तेल लागलेल्या जागी काच कमजोर होते आणि बल्ब लवकर जातो. लागलंच बोट तर स्पिरिटने पुसा.

फिलामेंट डोळ्यांनी बघून निकाल देऊ नका. तुटलेलं फिलामेंट कधी कधी टेकून बसतं आणि धडधाकट दिसतं. मीटर बझरवर (वाट सलग असली की बीप देणाऱ्या रेंजवर) ठेवा आणि अर्थच्या पिनपासून बाकीच्या दोन पिना एकेक करून तपासा. दोन्हीकडे बीप आली पाहिजे. रेझिस्टन्स मोजलात तर एखाद्या ओहमच्याही आत येईल. ‘हा तर शॉर्ट आहे’ असं म्हणून चांगला बल्ब फेकू नका. ३५ वॅटचं फिलामेंट पेटल्यावर साधारण ४ ओहमचं असतं, पण थंड असताना त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. तापल्यावर रेझिस्टन्स वाढतो, टंगस्टनचा गुणच तो.

बल्ब ३५/३५ वॅटचाच लावा. दुकानदार कारचा ६०/५५ देऊ करतो, त्याची कॉलर थोडी वेगळी असते, ती कानशीने घासून बसवली जाते. कॉइलची ताकद तेवढी नसते, म्हणून एसीवर तो बल्ब उलट मंदच जळतो; आणि जास्त करंटमुळे होल्डर वितळतो, हे नुकसान वेगळं.

होल्डरपर्यंत वीज येते का?

बल्ब चांगला निघाला की कपलर निरखून बघा, दिवसाउजेडी. तीनपैकी एखाद्या पिनेभोवतीचं प्लॅस्टिक तपकिरी, फुगलेलं, ठिसूळ झालंय का? असेल तर दोष सापडलाच म्हणा. ती पिन सैल झाली होती, सैल जोडातून तीन अँपिअरच्या आसपास करंट जाताना ती तापली, तापल्यावर तिची स्प्रिंग गेली, मग ती आणखी सैल झाली. असा कपलर घासून भागत नाही. नवा होल्डर वायरींच्या शेपटासकट मिळतो, तो घ्या.

कपलर धड दिसत असेल तर वीज तपासायची, आणि इथे टेस्ट लॅम्प का हवा ते सांगतो. बल्ब काढून नुसतं मीटर लावलं तर मीटर जवळजवळ करंट घेतच नाही. वाटेतला एखादा जोड गंजून नावापुरता टेकलेला असला, तरी मीटर छान १२ व्होल्ट दाखवेल. बल्ब लावला की करंटची मागणी होते, त्या खराब जोडावरच बहुतेक व्होल्टेज अडकतं आणि दिवा लागत नाही. ‘करंट तर येतोय, मग लाइट का नाही?’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं. म्हणून मोजताना वायरीवर ओझं पाहिजे. एक तर बल्ब लावलेलाच ठेवून कपलरच्या मागच्या बाजूने मीटरची टोकं आत सरकवा, नाही तर सरळ टेस्ट लॅम्प लावा. तो एसी आणि डीसी दोन्हींवर लागतो, रेंजची भानगडच नाही.

होंडा आणि हीरोच्या गाड्यांत हिरवी वायर अर्थची, निळी अप्परची, पांढरी डिपरची. सुझुकीत अर्थ काळी-पांढऱ्या पट्ट्याची, यामाहात काळी. टेस्ट लॅम्पची एक क्लिप इंजिनच्या उघड्या धातूला आणि दुसरी आधी निळ्या, मग पांढऱ्या वायरीच्या पिनला. इंजिन चालू, स्विच त्या-त्या बाजूला. दोन्हीकडे लॅम्प नीट पेटला तर वीज इथपर्यंत पोचते आहे आणि दोष अर्थमध्ये आहे. एकाच बाजूला पेटला तर डिपर स्विच बघा. कुठेच पेटला नाही तर मागे मागे जायचं. बल्ब लावून मीटरने मोजलंत तर जरा रेस दिल्यावर साधारण १२-१३ व्होल्ट अपेक्षित. रेग्युलेटरने छाटलेली एसी स्वस्त मीटरला नीट वाचता येत नाही, त्यामुळे व्होल्टभर कमी दिसलं तर घाबरू नका. ६-७ दिसलं तर मात्र कुठेतरी गळती आहे.

अर्थ

मंद दिव्याचं सगळ्यात दुर्लक्षित कारण. वीज बल्बपर्यंत जायला वाट लागते तशी परत यायलाही लागते, आणि परतीची वाट चेसिसला कसलेल्या एका बोल्टमधून जाते. कोकणात किंवा मुंबईत दोन पावसाळे काढलेल्या गाडीचा तो बोल्ट बघा. बोल्टखालच्या रिंगवर गंज, तिच्या खाली रंगाचा थर, आणि क्रिंप केलेल्या जागी तांब्यावर हिरवट पूड.

तपासणी एका मिनिटाची आहे. हेडलाइट चालू ठेवून सुट्या वायरीचं एक टोक बल्बच्या अर्थ पिनला आणि दुसरं इंजिनच्या उघड्या बोल्टला टेकवा. उजेड एकदम वाढला तर निदान झालं. उपायही तितकाच साधा: बोल्ट काढा, रिंग आणि खालचा धातू पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, घट्ट कसा, वरून पेट्रोलियम जेली चोळा. जेली आधी लावायची नाही, कसल्यावर लावायची.

डावा इंडिकेटर दिल्यावर हेडलाइटही लुकलुकतो किंवा ब्रेक दाबला की मीटरचा दिवा मंद पडतो, असले चमत्कार दिसले तर इतर काही न बघता आधी अर्थकडे जा. परतीची वाट बंद झाली की वीज दुसऱ्या दिव्यांतून वाट काढते.

डिपर स्विच आणि मानेतल्या वायरी

अप्पर-डिपरचं बटण अगदी मधोमध धरून बघा, हळूहळू सरकवा. मध्येच दिवा लागला आणि टोकाला गेला तर आतले कॉन्टॅक्ट झिजले आहेत किंवा त्यांवर कार्बन बसला आहे. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून बटण वीसेक वेळा इकडे-तिकडे करा. त्याने सुटलं नाही तर स्विच बदला. तो उघडून दुरुस्त करताना आतली बारीक स्प्रिंग उडून हरवते आणि मग गाडी दोन दिवस पडून राहते.

हँडल डावीकडे वळवलं की दिवा जातो, सरळ केलं की येतो, अशी तक्रार असेल तर वायर तुटली आहे हँडलच्या मानेजवळ. तिथे वायरींचा जुडगा प्रत्येक वळणाला वाकतो. वर्षानुवर्षं वाकून आतली तांब्याची तार तुटते, बाहेरचं प्लॅस्टिक मात्र शाबूत राहतं, त्यामुळे नजरेला काहीच दिसत नाही. इंजिन चालू ठेवून, हँडल लॉक टू लॉक फिरवत, एकेक वायर चिमटीत धरून हलक्या हाताने ताणा. तुटलेली वायर इतरांसारखी ताठ राहत नाही, रबरासारखी लांबते. ती जागा कापून नुसता पीळ मारू नका. तो पीळ पुढच्या पावसाळ्यात पुन्हा उघडतो. नवा तुकडा घालून सोल्डर करा, वर हीट-श्रिंक नळी चढवा आणि जोड वाकणाऱ्या जागेपासून चार बोटं लांब ठेवा.

पार्किंगमध्ये उंदीर असतील तर पुढच्या पॅनलच्या आतही डोकावा. वायर कुरतडणं हे शहरात अगदी रोजचं आहे.

तिन्ही दिवे एकदम गेले तर

आता आपण मागे, रेग्युलेटर आणि कॉइलकडे आलो. होंडा पद्धतीच्या एसी गाडीत दिव्यांची वायर पिवळी असते. कॉइलमधून निघून ती रेग्युलेटरला आणि पुढे दिव्यांना जाते. या वाटेवर सहसा फ्यूज नसतो. पिवळी वायर कुठे चेसिसला घासून शॉर्ट झाली तरी धूर-जाळ होत नाही, ठिणगीसुद्धा दिसत नाही. सगळे दिवे गपकन विझतात आणि स्कूटर नेहमीसारखी चालत राहते. म्हणून लोक तासन्‌तास ‘वायर कुठे तुटली’ शोधतात आणि खरं तर ती कुठेतरी टेकलेली असते.

टेकलेली वायर शोधायची युक्ती: इंजिन बंद करून टेल लाइटचा कपलर सोडवा, इंजिन सुरू करा, हेडलाइट आला का बघा. आला तर शॉर्ट मागे आहे. मडगार्डच्या आत चाकाला घासलेली वायर हे नेहमीचं ठिकाण. नाही आला तर तसंच स्पीडोमीटरचा कपलर सोडवून बघा.

रेग्युलेटरचा कपलर मात्र इंजिन चालू असताना कधीही काढू नका, आणि तो काढलेला असताना दिवे जोडलेले ठेवून इंजिन सुरू करू नका. व्होल्टेज आवरणारा तोच आहे. तो बाजूला झाला की रेसबरोबर व्होल्टेज चढतं आणि बल्ब एका झटक्यात जातात.

इंजिन बंद करून कॉइलकडून येणारा कपलर उघडा. कॉइलच्या बाजूच्या पिवळ्या वायरीपासून इंजिनच्या धातूपर्यंत मीटरने बघा. बीप यायला हवी, रेझिस्टन्स एखाद्या ओहमच्या आसपास. पुन्हा सांगतो, इथे बीप येणं हा शॉर्ट नव्हे, कॉइलचं दुसरं टोक इंजिनलाच जोडलेलं असतं. बीप आली नाही तर कॉइल किंवा तिची वायर तुटली. आता तोच कपलर उघडा ठेवून इंजिन सुरू करा आणि पिवळ्या वायरीवर एसी मोजा. रेसबरोबर आकडा चढत गेला तर कॉइल जिवंत आहे. फार रेस देऊ नका, आकडा कितीतरी वर जातो आणि वायरीला हात लावू नये. काही गाड्यांत पिकअप कॉइलची (स्पार्क कधी पडायचा याची खूण देणाऱ्या छोट्या कॉइलची) वायर त्याच कपलरमध्ये असते. तेव्हा इंजिन सुरूच होणार नाही, मग रेझिस्टन्सवरच समाधान मानायचं.

कॉइल चांगली निघाली तर गाडीतून रेग्युलेटर काढा. त्याच्या पिवळ्या आणि हिरव्या पिनांमध्ये दोन्ही बाजूंनी बीप आली तर तो आतून शॉर्ट आहे, बदला. बीप नाही म्हणून तो चांगलाच, असं मात्र मीटरवरून म्हणता येत नाही. तिथे दुसऱ्या गाडीचा चालू रेग्युलेटर लावून बघणं हाच खात्रीचा मार्ग.

बल्ब वारंवार उडत असेल

दोन्ही फिलामेंट एकदम गेली, काचेला आतून काळपट-चंदेरी झाक आली, पाठोपाठ टेल लाइटही गेला, तर व्होल्टेज जास्त येतंय. रेग्युलेटरवर ठपका ठेवण्याआधी त्याची हिरवी वायर तपासा. तिचा अर्थ सुटला की चांगला रेग्युलेटरही काही करू शकत नाही. बॅटरीवरच्या हेडलाइटमध्ये इंजिन रेस करून बॅटरीच्या टर्मिनलवर डीसी मोजा: साडेतेरा ते साडेचौदा ठीक, पंधराच्या वर गेलं तर रेग्युलेटर. तेराच्या खाली राहिलं तर चार्जिंगच होत नाही.

एलईडी हेडलाइट

कंपनीचा एलईडी दिवा अख्खा युनिट म्हणून येतो आणि डीसीवर चालतो. फ्यूज, कपलरवर १२ व्होल्ट, अर्थ, एवढं तपासा. तिन्ही ठीक असून दिवा लागत नसेल तर युनिटच गेलं. हॅलोजनच्या जागी बाजारातला एलईडी बल्ब घालण्याच्या मी विरोधात आहे. एसीवर तो फडफडतो किंवा लवकर मरतो, आणि रिफ्लेक्टर त्याच्यासाठी बनलेला नसल्याने उजेड रस्त्यावर पडायच्या ऐवजी समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

सगळं जोडून झाल्यावर कव्हर बसवायच्या आधी इंजिन चालू करा, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा, होल्डर आणि प्रत्येक कपलर हलवून बघा, हॉर्न-ब्रेक-इंडिकेटर एकत्र लावून बघा. दिवा जराही लुकलुकला नाही तरच स्क्रू लावा. मग अंधार पडल्यावर भिंतीसमोर सपाट जागेवर गाडी उभी करा, गाडीवर कुणालातरी बसवा आणि डिपरचा झोत हेडलाइटच्या उंचीपेक्षा थोडा खाली पडतोय ना, ते अ‍ॅडजस्टिंग स्क्रू फिरवून जुळवा.